एक जूनची अंबू

अंबूबाईंनी बाळाला पायांवर पालथं घेतलं, पाठीवरून तेलाचा हात फिरवला आणि मान वर करून घड्याळ पाहिलं. साडेनऊ. आरटीओ कचेरीतली खिडकी एकला बंद होणार.

“मावशी, उद्या येणार ना?” स्वानंदीने दारातूनच विचारलं. नोकरीपायी पुण्याहून सर्जापूर रोडला आलेली ही पहिलटकरीण. सव्वा महिना झाल्यावर आई परत गेली, तेव्हापासून तिचा जीव टांगणीला. “माझ्या हातून हा सटकेल अशीच भीती वाटते हो.”

“डबी राहिली तर आलेच म्हणून समज.”

डबी म्हणजे अंबूबाईंची गाडी. आता या गोष्टीतला युरोप आपल्या माहितीतल्या युरोपाहून जरासा वेगळा आहे, हे आधीच सांगून टाकते. तिथल्या देशांनी फार पूर्वी एकत्र बसून ठरवलं, की साडेतीनशे किलोंच्या आतल्या आणि ताशी पंचेचाळीसच्या वर न पळणाऱ्या गाडीला परवाना नको. आपल्याकडे ते कलम जसंच्या तसं उचललं गेलं. म्हणून या गोष्टीतल्या बंगळूरला गल्लोगल्ली काड्यापेटीएवढ्या गाड्या फिरतात, आणि त्या चालवतात बहुतेक बायका आणि म्हातारी माणसं. रिक्षावाले ओरडतात, “ए डबी अज्जी, टोपण घट्ट लाव!” अंबूबाईही काच खाली करून सुनवायच्या, “तुझं तोंड आधी लाव!”

त्या निपाणीकडच्या. गेली अठरा वर्षं बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालतात. एचएसआर लेआउटच्या मागच्या अंगाला खोली. सातला निघायचं, दहापर्यंत तीन सोसायट्या आणि तीन बाळं उरकायची. मागे तेल, डाळीच्या पिठाचा डबा, धुरीची शेगडी. बसच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपत नाहीत, आणि जवळचं भाडं म्हटलं की रिक्षावाल्यांची मान फिरते. डबी होती म्हणून सगळं निभत होतं.

मग युरोपात अपघात वाढले आणि परवाना सक्तीचा झाला. जुन्या माणसांना तेवढी सूट मिळाली, तीही जन्मतारीख पाहून. यंदा तेच इथे आलं. परवान्याला आठवी पास हवं. अंबूबाईंची शाळा चौथीतच सुटलेली. सूट हवी तर जन्म एक जून एकोणीसशे साठच्या आधीचा हवा. ही तारीख ज्याने निवडली, त्याने आपल्या खेड्यातली शाळा कधी आतून पाहिलेली नसावी. तिथे गुरुजींनी ज्याला त्याला एक जूनलाच जन्माला घातलंय. अंबूबाईंच्या दाखल्यावरही तेच होतं : एक जून एकोणीसशे साठ.

आणि आज सूट घ्यायचा शेवटचा दिवस.

“अक्का, ‘आधी’ म्हटलंय कायद्यात,” खिडकीतला गुरुराज म्हणाला. माणूस अथणीचा, त्यामुळे मराठी बोलायचा, पण कानडी हेलात. “आज सकाळपासनं तुम्ही अकराव्या एक जूनवाल्या. माझीसुद्धा एक जूनच की! काय करू सांगा.”

“एका दिवसासाठी अडवता होय?”

“एक दिवस म्हंजे एक दिवस. गावची जन्माची नोंद आणा, एकच्या आत. फोटो चालतोय आज, शिक्क्याची प्रत महिन्यात द्या. नाहीतर उद्या गाडी रस्त्यावर दिसली की उचलून नेतात.”

गावी भाचा होता, पिराजी. दाखला अडेल अशी धास्ती होतीच, म्हणून कालपासून त्याला पंचायतीच्या कचेरीत बसवून ठेवलं होतं. अंबूबाई बाकावर बसल्या आणि फोनकडे पाहत राहिल्या. बारा वाजले. सव्वाबारा. पुढचा माणूस सूट मिळाल्याचा हिरवा स्टिकर नाचवत निघून गेला.

साडेबाराला फोटो आला. पिवळं पडलेलं पान, आणि बापाच्या नावापुढे दोन ओळी. ‘दत्तोबा, मुलगी, सात फेब्रुवारी अठ्ठावन्न.’ खाली, ‘दत्तोबा, मुलगी, एकोणतीस ऑगस्ट साठ.’ नावाचा रकाना दोन्हीकडे कोरा.

अंबूबाईंनी तारखा पुन्हा वाचल्या. त्या गौरी-गणपतीतल्या, आईने शंभरदा सांगितलेलं. म्हणजे खालची ओळ त्यांची. गुरुजींनी तीन महिने वाढवूनच लिहिले होते, आणि तेही पुरत नव्हते.

वरची मुलगी अकरा दिवस जगली. बाराव्या दिवशी बारसं होतं. नाव ठरलेलं, अंबू. कुंची शिवून खुंटीला लावलेली. अडीच वर्षांनी दुसरी झाली, तेव्हा आईने तीच कुंची झटकून तिला घातली आणि तेच नाव ठेवलं.

पिराजीचा फोन आला. “आत्ती, बघितलासा न्हवं? वरची घ्या की! नाव न्हाई, काई न्हाई. माझी म्हणून सांगा.”

“ती मी न्हवं रं.”

“मग बसा चालत! कोण बघाय येतंय आत्ती? इथल्या बाबूलाबी कळत न्हाई कुठली कोण ते.”

त्यांनी फोन बंद केला. अठरा वर्षांत त्यांनी एका बाळाचं अंगडं दुसऱ्याला कधी चढवू दिलं नव्हतं. गेलेल्या बाळाचं तर नाहीच. तसं दिसलं की घरातल्या म्हाताऱ्यांनाही झापायच्या. आणि त्यांची स्वतःची आई?

बारा पन्नास. “स्टिकर राहिलेले कोण? या, या!” आतून हाक आली.

गुरुराजने दोन बोटांनी फोटो मोठा केला. “मुलगी. नाव लिहिलेलंच नाही की.”

“बारशाआधी नोंद झालेली.”

“मग ही अंबू कशावरनं?”

 खिडकीच्या कडेला अंबूबाईंनी हात टेकला. तेलाचे डाग उमटले.

“ही अंबूच,” त्या म्हणाल्या. “पहिल्या मुलीचं नाव अंबू, हे आईनं पक्कं केलेलं.”

“सरी, ठीक.” त्याने शिक्का उचलला, आणि तेवढ्यात त्याचं बोट खाली घसरलं. “आणि ही? साठ सालची?”

मागून कुणी ओरडलं, “अण्णा, स्वल्प बेगा, लवकर!” गुरुराजने तिकडे पाहिलंही नाही.

“ती धाकटी.”

“तिचं नाव काय?”

अंबूबाई त्या ओळीकडे पाहत राहिल्या. खोटं बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं. ते काही तोंडातून निघेना.

“तिला वेगळं नाव ठेवलंच नाही,” त्या म्हणाल्या.

गुरुराजचा हात थांबला. “अय्यो, पाप, बिचारी,” तो हळूच म्हणाला. “बारशाआधीच गेली?”

 अंबूबाईंचे डोळे भरून आले. कुणासाठी, हे त्यांना त्या घडीला सांगता आलं नसतं.

“रडू नका अक्का. झालं, झालं.” धप्पकन शिक्का बसला. त्याने स्टिकरवर पेनाने लिहिलं, ‘अंबूबाई, ७-२-१९५८’, आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

बाहेर डबीच्या काचेवर स्टिकर लावताना तो वाकडा बसला. नखाने उचलून नीट लावावा म्हटलं, पण कोपरा फाटायला लागला. तसाच राहू दिला. शेजारून जाणारा रिक्षावाला “डबी अज्जी!” म्हणाला; अंबूबाईंनी आज आत बसून काच वर केली.

फोन पुन्हा वाजला. “आत्ती, झालं काय?”

“झालं.”

“काय झालं ते तरी सांगा की!”

“बारसं,” अंबूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग स्वानंदीला कळवायचं राहिलं म्हणून परत उचलला. “उद्या नऊला येते गं. पाणी जरा कढत ठेव.”