दूध थांबवायला सांगताना

रिपोर्ट माझ्या टेबलावर होता आणि सर मला फोन करू देत नव्हते.

मी अंधेरीतल्या एका खासगी लॅबमध्ये बायोकेमिस्ट आहे. नवजात बाळांचं स्क्रीनिंग हा माझा विभाग. बाळ जन्मलं की एक-दोन दिवसांनी त्याच्या टाचेला बारीक सुई टोचतात, रक्ताचे थेंब जाड टिपकागदावर घेतात आणि ते कार्ड वाळवून आमच्याकडे पाठवतात. काही आजार जन्मतःच असतात, पण बाळ वरून ठणठणीत दिसतं. ते आधी पकडायचे, एवढंच आमचं काम. आपल्याकडे ही तपासणी सगळीकडे होत नाही. ज्या हॉस्पिटलला पटतं ते करतं, ज्यांना परवडतं ते करून घेतात.

हे कार्ड मुलुंडच्या एका नर्सिंग होममधून आलं होतं. मुलगी. गॅलॅक्टोसेमियाची शंका. दुधातल्या साखरेचा एक भाग वापरायला शरीरात एक एन्झाइम लागतं. काही बाळांत ते जवळजवळ नसतंच. मग तो भाग रक्तात साठत जातो. लिव्हर बिघडतं, इन्फेक्शन होतं, बाळ दगावूही शकतं. उपाय एकच, दूध बंद. कोणतंही दूध, आईचंसुद्धा. त्याऐवजी सोयाबीनची पावडर.

आमचे हेड केळकर सर म्हणाले, मे महिना आहे, कार्ड कुरियरच्या बॅगेत तापलं असेल. त्यात तथ्य होतं. हे एन्झाइम उष्णतेनं नासतं आणि धडधाकट बाळाचाही रिपोर्ट वाईट येतो. आपल्या हवेत हे नेहमीचंच.

"खोटा अलार्म निघाला तर एका आईचं दूध आपण फुकट तोडलेलं असेल," सर म्हणाले. "दुसरं सॅम्पल मागव."

"सर, ते येईपर्यंत ती दूध पीतच राहणार."

मला खुर्चीत बसवेना. मी त्याच बॅगेतून आलेली बाकीची कार्डं काढली आणि त्यांचे रिझल्ट पाहिले. सगळ्यांचं एन्झाइम शाबूत. बॅग तापली असती तर सगळ्यांचंच कमी आलं असतं. सरांनी स्क्रीनवरचे आकडे तपासले. ते म्हणाले, "कर फोन."

नर्सिंग होमच्या डॉक्टर शहांनी फाइल काढून पाहिली. बाळ घरी गेलं होतं. थोडी कावीळ होती, पण ती बऱ्याच बाळांना होते. त्यांनी लगेच घरी कळवलं आणि थोड्या वेळानं मलाच उलटा फोन केला. आईचं दूध बाळाला चालत नाही, ताबडतोब बंद करून ॲडमिट करा, असं त्यांनी सांगितलं होतं. बाळाचे वडील तयार होते. आईच ऐकत नव्हती. आतल्या खोलीचं दार लावून बाळाला पाजत बसली होती.

घरी जाणं हे लॅबचं काम नाही, असं सर म्हणाले. बरोबरच होतं. तरी डॉक्टरांकडून पत्ता घेऊन मी रिक्षा केली. पवईला ट्रॅफिक तुंबला होता. बाळ आत्ता पीत असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. रिक्षावाल्याला दोनदा विचारलं, दुसरा रस्ता नाही का. त्यानं आरशातून पाहिलं आणि हॉर्न वाजवला.

मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर वन रूम किचन. वडील प्रशांत, एसी दुरुस्तीचं काम करणारा, जिन्यातच उभा होता. त्यानं खालच्या आवाजात सांगितलं की त्यांचा पहिला मुलगा गावी, कणकवलीकडे, जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेला. कावीळ डोक्यात गेली, असं लोक म्हणाले.

बाहेरच्या खोलीत प्रशांतची आई बसली होती. मला पाहून त्या म्हणाल्या, "मी तेवाच म्हटलंय, हिच्या दुधात कायतरी आसा. आता डॉक्टरपण तांच सांगतत."

मग मला कळलं. डॉक्टरांचं वाक्य या घरात आधीच कुणीतरी बोललेलं होतं.

मी आतल्या दारावर टकटक केली. मी लॅबमधून आलेय, बाळाला नेणार नाही, फक्त बोलायचंय, असं सांगितलं. बाळाच्या आईनं, वैशालीनं, दार उघडलं. बाळ पिवळं होतं आणि फार झोपाळू. ओढून पीतही नव्हतं.

मी तिला समजावलं. बाळाला दूध वापरण्याचं साधनच मिळालेलं नाही. गाईचं दिलं, शेळीचं दिलं, तुझ्या सासूबाईंनी पाजलं असतं, तरी हेच झालं असतं. दोष दुधात नाही. आणि तो दोन्हीकडून यावा लागतो, आईकडून आणि बाबांकडून. एकाकडूनच आला तर आजार होत नाही.

ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "म्हणजे पहिल्याला मीच मारलं?"

अशा वेळी नाही म्हणून टाकावंसं वाटतं. मी म्हटलं, "त्याला हाच आजार असेलही. तपासणी झाली नाही, त्यामुळे कुणालाच सांगता येणार नाही. तो भुकेला होता आणि तू त्याला पाजलंस. तू कुठल्याही आईसारखंच केलंस. आज मात्र आपल्याला माहीत आहे."

प्रशांत दारात रडत होता. शेवटी वैशालीनं ब्लाउजची बटणं लावली, बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि नवऱ्याला म्हणाली, "रिक्षा बोलाव."

घाटकोपरच्या मोठ्या हॉस्पिटलात बाळाला ॲडमिट केलं. इन्फेक्शन सुरू झालं होतं. पुढचे दिवस मी धड जेवले नाही. दुसऱ्या सॅम्पलचा रिझल्ट यायचा होता आणि माझ्या मनात दोन प्रकारची भीती आळीपाळीनं येत होती. खरं निघालं तर बाळाला आजार, खोटं निघालं तर त्या बाईला मी उगाच छळलं.

खरं निघालं. तोवर सोयाच्या पावडरीवर बाळाची कावीळ उतरायला लागली होती.

इकडे वैशालीला दूध दाटून ताप आला. सिस्टरनं तिला ह्यूमन मिल्क बँकेबद्दल सांगितलं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी तिथे आयांचं दूध जमा करतात. तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सगळं ठीक आलं, आणि काही आठवडे ती रोज दूध देत राहिली. पहिल्यांदा तिनं सिस्टरला विचारलं होतं, माझं चालेल का? सिस्टर म्हणाली, "चालेल का काय, पळेल."

आईवडील दोघांचं रक्तही तपासलं. रिपोर्ट अपेक्षेप्रमाणेच आला, दोघांकडेही अर्धा-अर्धा दोष. प्रशांतनं स्वतः आईला सांगितलं, "आई, माझ्याकडूनपण आलंय." माफी वगैरे कुणी मागितली नाही. तो विषय मात्र घरात पुन्हा निघाला नाही.

मुलगी आता चालते. बोलायला जरा उशीर होतोय, या आजारात होतो, थेरपी सुरू आहे. पाव घेतानासुद्धा वैशाली आधी त्यात दूध नाही ना हे बघते.

आता असा रिपोर्ट सांगताना मी "अर्धा दोष वडिलांकडून" हे आधी म्हणते आणि "अर्धा आईकडून" नंतर. विज्ञानाला या क्रमानं काही फरक पडत नाही. घरच्यांना पडतो.