भट्टीवर भरलेली सभा

मंगळवारी सकाळी कल्याणच्या ऑफिसात साहेब आणि मी, दोघंच होतो. मध्ये माझा महिन्याचा रिपोर्ट. सिद्धगडच्या पायथ्याच्या एका शाळेत अकरा ते पाच या वेळात दोन जीबी डेटा खर्च झाला होता आणि पाचनंतर एकोणीस.

"कोणीतरी पिक्चर बघतंय. राउटर काढून आणा," साहेब म्हणाले.

शहापूर-मुरबाडच्या शाळांत लॅपटॉप आणि वाय-फाय बसवणं, ते चालू ठेवणं, हे माझं काम. राउटर म्हणजे सिमकार्डचं इंटरनेट वर्गभर पसरवणारा डबा. शाळेच्या वेळेबाहेर तो वापरला तर काढून दुसऱ्या शाळेला द्यायचा, असा नियम आहे.

बाइकवरून एकटाच गेलो. पटावर अकरा मुलं, वर्गात चार. बाकीची सात आईबापांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर. घरतबाई एकट्याच शिक्षिका, गावातच खोली घेऊन राहतात. त्यांनी काही लपवलं नाही. भट्टीचं काम पहाटे सुरू होतं, दुपारी थांबतं. पाचला सातही पोरं मुकादमाच्या फोनसमोर बसतात आणि बाई इथून लॅपटॉपवर शिकवतात.

"परीक्षेपर्यंत राहू द्या, सर. सात जणांचं वर्ष जाईल," एवढंच त्या म्हणाल्या.

रिपोर्ट मी बदलणार नव्हतो. शाळेची वेळ मात्र बदलता येते. पालकांची कमिटी ठराव करून ज्यादा तास ठेवू शकते. सभेला सातपैकी चार सदस्य लागतात. गावात दोनच होते. अध्यक्षांसह पाच जण भट्टीवर.

रविवारी ठरावाचं रजिस्टर घेऊन मी भट्टीवर गेलो. अध्यक्ष चिखलाचे हात धुऊन आले. रजिस्टर बघून हसले.

"आमाला शोधत गावचा कागद पयल्यांदाच आला, सायेब. नायतर दिवाळी झाली का आमी कुनाला दिसत नाय."

बाई मुकादमाच्या फोनवरून हजर होत्या. त्यांनी ठराव वाचून दाखवला. तीन सह्या झाल्या, दोन अंगठे.

ऑफिसात साहेबांनी ठराव वाचला. "सभेचं ठिकाण वीटभट्टी? शाळा लिहा की."

"सभा शाळेत झाली नाही, साहेब."

त्यांनी कपाळाला हात लावला, पण कागद वर पाठवला. परवानगी आली. वार्षिक परीक्षेपर्यंत, पाच ते सात. माझ्या रविवारच्या पेट्रोलचं बिल नामंजूर झालं, कारण भट्टी माझ्या शाळांच्या यादीत नाही. डेटा किती गेला ते आकड्यांवरून कळतं, कुणासाठी गेला ते जाऊन बघावं लागतं.

कागद द्यायला संध्याकाळी शाळेत गेलो. बाई फळ्यापाशी उभ्या राहून लॅपटॉपकडे बघत भागाकार शिकवत होत्या. त्यांनी कागद वाचला, टेबलावर ठेवला आणि मला बसायची खूण केली. मी सतरंजीवर बसलो. त्या खोलीत फळ्याकडे तोंड करून बसलेला मी एकटाच होतो.