साडूभाऊंचा मनोरा

आमच्या साडूभाऊंना निसर्गाची जेवढी काळजी होती, तेवढी खुद्द निसर्गालाही नसेल. मूळ मालवणचे, राहायला बोरिवलीला आणि नोकरी सरकारी खात्यात नकाशे काढण्याची. केस कापून आले की कापलेले केस पुडीत बांधून आणायचे आणि चिमण्यांना घरट्यासाठी खिडकीत ठेवायचे. "माझे केस फुकट जायला नकोत," म्हणायचे. मुळात केस होते किती, हा प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती.

ऐंशीच्या दशकात जंगलालगतच्या बागेत पक्षी बघायला मनोरा बांधायचं ठरलं, तेव्हा नकाशा साडूभाऊंनी हौसेनं मागून घेतला. सिमेंट नको, खिळा नको, एक फांदी तोडायची नाही; सगळं बांबूचं, काथ्यानं बांधलेलं. बांबूला कीड लागू नये म्हणून तो आधी पाण्यात भिजवावा लागतो. नमुन्याचे चार तुकडे त्यांनी सोसायटीच्या टाकीत भिजवले. आठवडाभर अख्ख्या बिल्डिंगच्या चहाला वास! सेक्रेटरी भांडायला आला, तर हे शांतपणे म्हणाले, "अहो, बांबू औषधी असतो."

पण मनोरा उभा राहिला, आणि झकास राहिला. पायथ्याशी त्यांच्या नावाची पाटी लागणार होती. जन्मभर काढलेल्या नकाशांवर सही साहेबांची. हे नाव पहिलंच. मेव्हणीनं नवा सदराही शिवून घेतला.

उद्घाटनाच्या सकाळी मी पोचलो, तर साडूभाऊ जिन्यात आडवे हात पसरून उभे! कठड्याच्या पोकळ बांबूत दयाळ पक्ष्यानं घरटं केलं होतं.

"पिल्लां आसत वर! कोणी पाय ठेवचो नाय!"

बागेचे अधिकारी कळवळले. "अहो, मनोरा पक्षी बघायलाच बांधलाय ना?"

"मग बघा की. खालून बघा!"

पाहुण्यांनी खालूनच दुर्बीण लावली, नारळ फोडला, पेढा खाल्ला आणि गेले. संतापलेल्या अधिकाऱ्यांनी पाटी उचलून जीपमध्ये टाकली. ती पुन्हा कधी लागली नाही.

त्यानंतर साडूभाऊ रोज ऑफिसआधी आणि सुट्टीलाही तिथं जाऊन बसत. एका रविवारी मीही गेलो होतो. शेवटचं पिल्लू बांबूच्या तोंडाशी बराच वेळ घुटमळलं आणि भुर्रकन समोरच्या ऐनाच्या झाडावर गेलं. साडूभाऊंनी चष्मा पुसला, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि जिना झाडायला लागले.

"चला," पाठमोरेच म्हणाले, "आता येऊ देत लोकांना."