मुक्ताच्या श्वासासाठी: ओहायोहून ॲरिझोनाच्या वाळवंटात

आधीच सांगून टाकते, ही ट्रिप हौसेची नव्हती. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आम्ही ओहायोत, कोलंबसजवळच्या डब्लिनला राहत होतो आणि आमची मुक्ता सहा वर्षांची होती. तिला दमा होता. डब्लिनची हवा दमट. वसंतात परागकण, उन्हाळ्यात चिकचिक, पानगळीत कुजलेली पानं, आणि बारा महिने मुक्ताची छाती वाजायची. सकाळी उठल्यावर माझं पहिलं काम म्हणजे तिच्या पाठीला कान लावणं. आत बारीक शिट्टी ऐकू आली की त्या दिवशी शाळा कॅन्सल. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेत नेऊन बघा. काही मुलांना बरं वाटतं, काहींना नाही, राहून बघितल्याशिवाय कळणार नाही. नेमकं त्याच सुमारास यांच्या कंपनीनं टुसॉनच्या ऑफिसात बदली घेता का म्हणून विचारलं. उत्तर द्यायला जूनअखेरच्या सोमवारपर्यंतची मुदत होती.

हे म्हणजे आमचे यजमान, सदानंद. गुहागरकडचे. ओटीवर बसून हात लांब केला तर फणसाला लागेल असल्या घरात वाढलेले. मी नागपूरची. मे महिन्यात डांबरात चप्पल रुतली तर ती तिथंच सोडून पळायचं, हे मला बालवाडीपासून ठाऊक. त्यामुळे वाळवंट म्हटल्यावर कपाळाला आठी पडली ती यांच्या.

"अगो, तिथे बघायचं काय? दगड?"

"आणि तुमच्या कोकणात काय बघायचं? शेवाळ?"

असं भांडत भांडत आम्ही जूनच्या एका शनिवारी स्टेशन वॅगन भरली. राइस कुकर, दशम्या, लसणाची चटणी, मेतकूट, मुक्ताच्या औषधाच्या बाटल्या, पाण्याचे दोन मोठे कॅन. शेवटी हे कॉफीच्या डब्यात लावलेलं कढीपत्त्याचं रोप घेऊन आले. टुसॉनला माझी नलूमावशी राहते, तिच्यासाठी. ज्याच्या घरी जायचं त्याला रोप द्यायचं, हा यांचा नेमच. डब्लिनच्या मागच्या अंगणात यांनी अळू, अबोली, गवती चहा असं निम्मं गुहागर लावून ठेवलेलं होतं. थंडीत ती सगळी मंडळी आमच्या दिवाणखान्यात राहायला यायची आणि पाहुण्यांना बसायला जागा उरायची नाही.

पहिले दोन दिवस सांगण्यासारखं फार नाही. इंडियाना, इलिनॉय, मिसूरी, सगळं हिरवंगार आणि ओलं. मॉटेल पंचवीस-तीस डॉलरला मिळायचं. खोलीत स्वयंपाक करायला मनाई असायची, म्हणून बाथरूममध्ये राइस कुकर लावून दार बंद करायचं. त्या काळी आपल्यातल्या कोणी हे केलं नाही असं म्हणत असेल तर खुशाल खोटं बोलतोय म्हणून समजा.

खरा प्रवास सुरू झाला ओक्लाहोमा सिटी मागे पडल्यावर. झाडं आधी बुटकी झाली, मग विरळ झाली आणि मग चक्क संपली. माती लाल. टेक्सासच्या वरच्या अरुंद पट्ट्यात शिरलो आणि आभाळ केवढं असतं ते मला पहिल्यांदा दिसलं. चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं, मध्ये एक सरळसोट रस्ता आणि त्यावर आम्ही. मी नुसती बघत राहिले. इतकं मोकळं मी कधी काही पाहिलं नव्हतं आणि खरं सांगते, डोळे भरून आले.

यांनी ड्राइव्ह करता करता मुक्ताला भूगोल शिकवायला घेतला. "हे बघ, पलीकडे पॅसिफिक समुद्र. तिथून वारा ओला निघतो. वाटेत डोंगरांच्या रांगांवर रांगा. प्रत्येक डोंगर आपला वाटा काढून घेतो. इथवर येईस्तोवर वारा कोरडा ठणठणीत. आणि खालून मेक्सिकोच्या आखाताकडून जी ओल येते ती आपल्या ओहायोकडे वळते, इकडे फारशी फिरकत नाही. आपल्याकडे नाही का, सह्याद्री आडवा येतो, पाऊस कोकणात पडतो आणि घाटावरचे आभाळाकडे बघत बसतात!"

"म्हणजे तुम्ही कोकणातले लोक आमचं पाणी अडवता," मी म्हटलं.

"अडवत नाही. आधी पितो."

न्यू मेक्सिकोत टुकमकारीला एका पंपावर गाडी थांबवली. वीस डॉलरच्या आत टाकी भरली. तिथला म्हातारा मालक काचा पुसता पुसता मला म्हणाला, "घाबरू नका हं मॅडम, इथली गरमी कोरडी असते." बाप्पा! मला सांगून राहिला! मी त्याला म्हटलं, काका, मी जिथून येते तिथं उन्हाळ्यात कावळेसुद्धा नळाखाली बसतात. त्याला काय कळलं देव जाणे, पण मुक्ताला त्यानं फुकट बर्फ दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्याच मॉटेलात मी सवयीनं मुक्ताच्या पाठीला कान लावला. काहीच नाही. दुसऱ्या बाजूला लावला. नुसता श्वास, येतोय आणि जातोय. "आई, इट टिकल्स!" म्हणून ती हसत सुटली. मी यांना काही बोलले नाही. बोललं की दृष्ट लागते असं माझं आपलं मत.

त्यापुढचे दिवस मी हरखून गेले होते. डोंगर समोर दिसतो, आता पाच मिनिटांत पोचू म्हणावं तर दोन तास गाडी चालवली तरी तो तिथंच. हवेत ओल नाही, धूर नाही, नजरेला अडवायला काही नाहीच. मुक्ताचा धुतलेला फ्रॉक खिडकीला अडकवला तर पुढचा एक्झिट येईपर्यंत खडखडीत. दुपारी अंग भाजून काढणारं ऊन आणि पहाटे स्वेटर. ऊब धरून ठेवायला आभाळात ढगच नसतात, म्हणून असं होतं. अल्बुकर्कीला जेवायला बसलो तर वाढणारीनं विचारलं, "लाल की हिरवी?" म्हणजे मिरची. हिरवी मागवली. आपल्या ठेच्याची सख्खी बहीण! यांनी पोळीत गुंडाळलेला राजमा त्या मिरचीसोबत दोनदा मागवून खाल्ला आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाळवंटाबद्दल एक बरा शब्द काढला.

सोकोरोच्या खाली एक नवल बघितलं. लांब एका काळ्या ढगातून पाऊस पडत होता, पण जमिनीपर्यंत पोचतच नव्हता. पावसाच्या झिपऱ्या अर्ध्यावरच विरून जात होत्या. हवा इतकी कोरडी की थेंब वाटेतच सुकतात. यांनी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून बघत उभे राहिले.

"म्हणजे पडतोय आणि पडत नाहीये! हा काय अन्याय?"

"बाबा, द रेन फरगॉट टू लँड," मुक्ता म्हणाली.

मला ते दृश्य फार आवडलं. यांना ते जिव्हारी लागलं.

ॲरिझोनाच्या सीमेवर तपासणी नाका लागला. फळं, भाज्या, रोपं आहेत का, म्हणून विचारत होते. हे खोटं बोलणाऱ्यातले नाहीत. रोपाचा डबा माझ्या मांडीवरच होता. अधिकारी तरुण होता आणि अगदी नम्र. म्हणाला, "सर, रोपाबरोबर त्याची कीड येते, रोग येतो. इथं नको." यांनी रोप त्याच्या हातात दिलं आणि वर "थोडं पाणी घाला" असंही सांगितलं. तो बिचारा कसनुसा हसला. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, झाडंपानं घेऊन निघू नका.

टुसॉनला नलूमावशीच्या दारात शिरलो आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं. घराच्या छपरावर मोठा खोका, आत ओलं गवत, त्यातून येणारा गार ओलसर वारा. अहो, हा तर आपला कूलर! वाळ्याचा वास नव्हता एवढंच. नागपूरला हवा कोरडी म्हणून कूलर चालतो, कोकणात लावला तर नुसत्या भिंती ओल्या होतील. तेच गणित इथं. मी त्याच्यासमोर फतकल मारून बसले ती उठेचना. मावशी म्हणाली, "मला पंधरा वर्षं झाली इथं येऊन, पण येणाऱ्यातली कूलरला मिठी मारणारी तू पहिली."

मावशीनं आम्हाला गाव दाखवलं. पुलावरून गेलो, खाली नदी म्हणून नुसती वाळू. जुलैत मान्सून आला की ती घटकाभर दुथडी भरून वाहते, म्हणाली. तिकडचे लोकही मान्सूनच म्हणतात! मग गावाबाहेरची ती सग्वारोची राई बघितली. दोन-तीन पुरुष उंचीचे निवडुंग, हात वर करून हजारोंनी उभे. त्यांच्या अंगाला चुण्या असतात. पाऊस पडला की पाणी पिऊन चुण्या उलगडतात, खोड फुगतं आणि मग महिनोन्महिने ते पाणी पुरवून पुरवून वापरायचं. काटकसर बघावी ती या निवडुंगांची. माथ्यावर फळं धरली होती आणि पारवे त्यांवर तुटून पडले होते. मी तर त्या झाडांना मनोमन नमस्कार केला. इतक्या थोडक्यात इतकं ताठ उभं राहायचं म्हणजे खायचं काम नाही. मुक्ता त्यांच्यामधल्या वाटेनं पळत गेली. पळत! डब्लिनला ती वीस पावलं पळाली की बसायची. सदानंदही तिच्याकडे बघत होते.

त्या संध्याकाळी मावशीच्या पुढच्या अंगणात हे फेरी मारत होते. लावण्यासारखी जागा बघत असणार. मध्ये एक रुंद बुंधा होता, कापलेला.

"हे कसलं झाड?" यांनी विचारलं.

"तुतीचं. सावलीसाठी आम्हीच लावलं होतं," मावशी म्हणाली. "सगळेच लावायचे. माणसं इथं छातीच्या दुखण्यासाठी यायची, कोरडी हवा बरी म्हणून. आणि मग गावाकडची आठवण म्हणून आपापली झाडं लावायची. तुती, ऑलिव्ह, हिरवळ. त्यांचे पराग उडायला लागले आणि ज्या दुखण्यापासून पळून आले तेच पुन्हा दारात. मला शिंकांनी जीव नको झाला तेव्हा तोडलं."

"म्हणजे इथं यायचं आणि काही लावायचंच नाही?"

"लाव की. इथलं लाव. काटे."

हे हसले नाहीत. रात्री जेवताना मावशीनं केलेल्या भरल्या वांग्यांनाही नावं ठेवली नाहीत, तेव्हाच मी ओळखलं की माणूस हादरलाय.

आठवडाभर राहिलो. रोज सकाळी पाठीला कान, रोज शांतता. परतीच्या वाटेवर मी न राहवून विषय काढला. हे नुसतं "बघू" म्हणाले. दुसऱ्यांदा काढला, तर म्हणाले, "मी तिथं वाळून जाईन गं." अगदी साधं, अगदी हळू म्हणाले. कोणावर लादायचं आणि काय लादायचं? मी माझ्या उन्हात सुखानं राहिले असते. त्यांचं सगळं सुटणार होतं.

शुक्रवारी ओक्लाहोमा ओलांडून मिसूरीत शिरलो. पहिली मोठी झाडं दिसली. यांनी खिडकी खाली केली, मान बाहेर काढली आणि चेहरा असा फुलला म्हणता! "वास घे, वास! गवत कापलंय कुणीतरी. पाऊस पडून गेलाय. बघ, बघ ते ओहोळ!" दोन आठवड्यांत मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. गुणगुणायला लागले. हवा जड झाली होती, माझी साडी अंगाला चिकटत होती.

आणि मागच्या सीटवर मुक्ता खोकली.

एकदा. मग पुन्हा. हे गुणगुणायचे थांबले. खिडकी वर केली. तासाभरात खोकला वाढला, तेव्हा एका पंपाशी गाडी थांबवली. मी मागे जाऊन तिच्या पाठीला कान लावला. शिट्टी. मग हे स्वतः वाकले आणि त्यांनीही कान लावला. बराच वेळ तसेच राहिले. मी औषधाची बाटली काढत होते.

"सुटे आहेत का तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

मी पर्समधली होती नव्हती ती चिल्लर दिली. ते कोपऱ्यातल्या फोनच्या काचेच्या खोलीत गेले. दोनेक मिनिटं बोलले असतील. फोन ठेवून पुन्हा थोडा वेळ आतच उभे राहिले. आले ते सरळ गाडी सुरू करायला.

"हो सांगितलं टुसॉनला."

"अहो, सोमवारपर्यंत वेळ होता. मला विचारायचं तरी."

"विचारायचं काय त्यात? कानांनी ऐकलं ना."

घरी पोचलो तर अंगणात गवत घोट्याच्या वर वाढलेलं, अळूची पानं सुपाएवढी. पुढच्या महिनाभरात यांनी एकेक रोप ओळखीच्या घरांत नेऊन दिलं. अळू पटेलांकडे, गवती चहा कुलकर्णी काकूंकडे, आणि प्रत्येकाला थंडीत आत कसं घ्यायचं ते दोनदोनदा समजावून सांगितलं. पंधरा दिवस वाळवंटाची वकिली करणारी मी, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून रडत होते. जिंकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं.

तुम्ही जाणार असाल तर जून टाळा, मार्चमध्ये जा. पाणी भरपूर ठेवा, तहान लागायच्या आधी प्या, घाम जागच्या जागी सुकतो म्हणून कळतच नाही. आणि जा मात्र नक्की. पृथ्वी उघडी कशी दिसते ते तिथं दिसतं.

आमची तर पुढची सगळी वर्षं टुसॉनलाच गेली. मुक्ताचा दमा पळून गेला असं म्हटलं तर खोटं होईल, पण शाळेच्या टीममध्ये ती धावायची, शेवटून दुसरी यायची, आणि आम्ही दोघं टाळ्या वाजवून हात लाल करून घ्यायचो. इतक्या वर्षांत हिरव्या झाडांची आठवण येते असं हे एकदाही म्हणाले नाहीत. मीही कधी विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते त्यांना तोंडानं द्यावं लागू नये एवढंच माझ्या हातात आहे.