ज्योत्स्नाताईंचा आक्षेप

ज्योत्स्नाताईंना संशय यायला फार काही लागत नसे. दूधवाल्याने आपणहून पाव लिटर जास्त घातलं, तर त्या आधी पातेल्याचा वास घेत. राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झालेली, सायखेड्याच्या कातकाडे घराण्यातली पहिली पदवीधर मुलगी. नवरा सातपूरला कंपनीत, मोठा मनोज पुण्याला, धाकटी निकिता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला.

२००४ च्या उन्हाळ्यात निकिताच्या पर्समध्ये त्यांना लखनचे पासपोर्ट फोटो सापडले. एकदोन नव्हे, सहा.

लखन म्हणजे त्यांचा सख्खा भाचा, थोरल्या भावाचा, पुंजादादांचा मुलगा. टोमॅटो घेऊन नाशिकच्या मार्केटला आला की आत्याकडे जेवून जायचा. आताशा तो आला की निकिता हळू आवाजात बोलायची, आणि आई खोलीत आली की दोघं एकदम टोमॅटोच्या भावावर यायची. निकिताला टोमॅटोच्या भावाचं काय पडलं होतं?

मनोजसाठी दादांची मुलगी मागितली असती, तर माहेरी पेढे वाटले असते. मामाची मुलगी सून म्हणून आणायची त्यांच्यात हौसच होती. पण आपली मुलगी भावाच्या घरात द्यायची म्हणजे वेल माघारी फिरवायचा. ते कुणी केलं नव्हतं. केलं तर दादाही तुटणार आणि मुलगीही.

शेजारच्या जयराम वकिलांना त्यांनी आडून विचारलं, "कायदा काय म्हणतो हो? एका ओळखीच्या बाईंचा प्रश्न आहे."

"आते-मामे भावंडांचं लग्न कायद्यात बसत नाही. रूढी असेल तर चालतं. त्या बाईंच्यात मुलगी अशी उलटी देतात?"

"छे!"

"मग नोंदणी कार्यालयात नोटीस लागली की तीस दिवसांत आक्षेप घ्यायचा. त्या बाईंना सांगा, काळजी करू नका."

दोन गोष्टी त्यांनी लगेच केल्या. दादांना फोन करून सांगितलं, "लखनवर जरा लक्ष ठेव. का ते विचारू नकोस." आणि दर मंगळवारी नोंदणी कार्यालयातल्या फलकापुढे जाऊन उभ्या राहू लागल्या. काचेमागची सगळी नावं, वयं, पत्ते वाचून काढायच्या. तिसऱ्या खेपेला शिपाई कुसाबाई म्हणाली, "काय ताई, आज कुणाचं मोडायचं? का स्वतःचंच शोधताय?"

चौथ्या मंगळवारी नाव दिसलं. लखन पुंजा कातकाडे, वय तेवीस. ज्योत्स्नाताईंनी काचेवर हात टेकला. शेजारचा रकाना वाचायचं धाडस होईना. मग एका दमात वाचला: चांगुणा गोटीराम भोये, वय बावीस, राहणार पेठ.

त्या बाकावर बसल्या. कुसाबाईने पाणी आणून दिलं.

चांगुणा म्हणजे निकिताची वर्गमैत्रीण, पेठच्या आदिवासी पाड्यावरची. दिवाळीत घरी येऊन नागलीची भाकरी थापून गेलेली.

घरी येताच त्यांनी निकिताला धरलं. "फोटो तुझ्याकडे कशाला?"

"तिच्या होस्टेलवर कपाटं तपासतात. आणि तू माझी पर्स तपासतेस!"

"मला सांगायचं होतंस."

"तू मामाला सांगितलं असतंस, आई."

ज्योत्स्नाताईंनी ते आधीच करून ठेवलं होतं.

त्या एका फोनवरून पुंजादादांनी लखनचे खिसे चाचपायला सुरुवात केली होती. फलकावर नाव दिसलं त्याच आठवड्यात त्यांना नोंदणी कार्यालयाची, लग्नाच्या नोटिशीची पोच सापडली. दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या एसटीने नाशिकला आले, चहाही न घेता बहिणीला घेऊन कार्यालयात गेले.

"जोत्स्ना, तू शिकलेली हाय. लिही."

"काय लिहू?"

"लिही, त्याचं आधीच एक लगीन झालंय. विंचूरची बायको हाय म्हणून लिही. चौकशी होस्तोवर पोरगी कंटाळून जाईल."

"दादा, लखनचं लग्न कुठं झालंय?"

"मग दुसरं काय लिहून चालतं?"

कुसाबाई मधेच म्हणाली, "वय कमी असंल, डोकं फिरलेलं असंल, जवळचं नातं असंल. जात येगळी हाय म्हणून इथं घेत नाय, बाबा. लय जण येऊन गेले."

ज्योत्स्नाताईंनी कागद पुढे ओढला, तारीख घातली. मुलगी मनाने चांगली असेल ना? का घर बघून आली? निकिता आणखी काय लपवत असेल? पेठच्या गोटीरामला तरी हे ठाऊक आहे का? मनात शंभर शंका होत्या, पण त्यातली एकही या कागदावर लिहिण्याजोगी नव्हती. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"नाही लिहीत, दादा."

"तुझ्या पोरीचं नाव असतं तर?"

"तर लिहिलं असतं. त्यासाठीच चार मंगळवार येत होते." त्या थांबल्या. "पण ते खरं असतं."

पुंजादादांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "भाऊबीजेला वाट बघू नको," म्हणाले आणि जिना उतरले.

ज्योत्स्नाताई खिडकीशी गेल्या. दादा फाटकापाशी थांबून मागे बघतील असं त्यांना वाटत होतं. दादांनी एका रिक्षाला हात केला आणि ते निघून गेले.

"ताई, कागद ठिवायचा का फाडायचा?" कुसाबाईने विचारलं.

"फाडा," ज्योत्स्नाताई म्हणाल्या, आणि तिने तो खरंच फाडला की नाही, हे बघायला तिथेच उभ्या राहिल्या.