हीटरच्या पाइपाची चौथी क्लिप

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? गेल्या आठवड्यात अण्णांच्या जुन्या फियाटच्या हीटरचे पाइप बदलायला घेतले नसते, तर तुम्हालाही सांगितलं नसतं.

गाडी इंदिरानगरला आमच्या बिल्डिंगखाली ताडपत्री पांघरून उभी असते. सोसायटीतले लोक तिला मॅडमचं म्युझियम म्हणतात. म्हणोत बापडे. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मखमलाबादला फुलांचा मळा होता. गाडी त्यांनी एका डॉक्टरांकडून जुनी घेतली, आणि तिच्या डिकीतून झेंडू, शेवंती, निशिगंध बाजारात जाऊ लागले. अजूनही मागची सीट उन्हाने तापली की मला निशिगंधाचा वास येतो. नवऱ्याच्या मते तो बुरशीचा आहे.

नाशिकला गाडीत हीटर कशाला, असं ज्याला वाटतं त्याने जानेवारीत सकाळी निफाडच्या बाजूला एक चक्कर मारून यावी. आमचे मिस्त्री रंगाकाका तिकडचेच. पंचवटीत पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. दिवाळी झाली की ते इंजिनचं गरम पाणी हीटरात सोडणारा कॉक उघडायचे, आणि होळी जळाली, थंडी पळाली की बंद करायचे. दर रविवारी सकाळी अण्णा तिथे जायचे. गाडीला काही झालेलं नसायचंच. बॉनेट उघडं टाकून दोघं चहा प्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे. अण्णा त्यांच्या हत्यारांच्या पेटीसाठी मळ्यातला एक हार न्यायचे. मीही सोबत जायची. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या सकाळी त्या — खोटं कशाला बोलू?

रंगाकाकांची एक पद्धत होती. पाइपावरची क्लिप आवळून झाली की बारीक ब्रशने तिच्यावर लाल ऑइलपेंटची रेघ मारायचे. अर्धी क्लिपेवर, अर्धी पाइपावर. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "रेघ हाय म्हंजी मी आवळलंय. नाय म्हंजी काम बाकी हाय. आन् रेघ तुटलेली दिसली, तर समजायचं कुनीतरी हात लावलाय."

हे नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. नुकतं लायसन्स मिळालेलं, आणि रंगाकाकांचं बघून बघून अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली. अण्णा चारचौघांत सांगायचे, आमच्या मुलीला गाडीतलं सगळं कळतं. किती गोड लागतं ते कानाला.

त्या हिवाळ्यात चांदवडला आत्याच्या मुलीचं, सुमनचं, लग्न होतं. आत्याला भाऊ एकच — अण्णा. मामाने नवरीला मांडवात आणायचं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. अण्णांनी फेटा पंधरा दिवस आधीच आणून ठेवला होता. नवरानवरीचे हारही आमच्याच मळ्यातले, अण्णांनी स्वतः ओवलेले. लग्नाच्या दोन दिवस आधी रंगाकाकांनी गाडी तपासली, हीटरचे दोन्ही पाइप नवे घातले, चारही क्लिपांवर रेघा मारल्या. म्हणाले, नव्या पाइपांत हवा धरली तर गार वारा येईल, तसं झालं तर गाडी घेऊन या.

आदल्या दिवशी सकाळी मी एकटीच गाडी घेऊन निघाले, आणि हीटरमधून गार वारा आला. पंचवटी काही लांब नव्हती. पण मला सगळं कळत होतं ना? घरी आणून बॉनेट उघडलं. एक क्लिप सैल केली, पाइप जरा ओढला, हवा फुसफुसत गेली, पाणी आलं. हे सगळं स्वयंपाकघरातल्या सुरीने. आत ऊबदार वारा सुरू झाला तेव्हा काय आनंद झाला म्हणून सांगू. क्लिप परत आवळली तीही सुरीनेच. इंजिन तापलेलं, बोटं भाजत होती, सुरीचं टोक सारखं निसटत होतं. घट्ट झाली असं वाटलं. नुसतं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा, आई आणि मी निघालो, आणि चांदवडच्या अलीकडे आठ-दहा किलोमीटरवर पाइप निसटला. वाफेने काच पांढरी झाली. गाडी कडेला घेईपर्यंत पाणी सगळं गेलं होतं. मुहूर्ताला तासही उरला नव्हता. अण्णा फेटा बांधून हायवेवर हात करत उभे राहिले. मोटारी थांबल्या नाहीत. शेवटी कांद्याचा एक ट्रॅक्टर थांबला. हारांची करंडी मांडीवर घेऊन अण्णा त्यावर बसून गेले, तो ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत आई बघत राहिली.

आणि मी? मी बॉनेटखाली वाकले. चार क्लिपा. तीन क्लिपांवरची रेघ सरळ. चौथीवरची तुटलेली — अर्धी इकडे, अर्धी तिकडे. कुनीतरी हात लावलाय. अण्णांनाही हे ठाऊक होतं, परत आल्यावर त्यांनी आधी तेच पाहिलं असतं.

रंग अजून कच्चाच होता. लग्नासाठी अंबाडा घातला होता, त्यातली एक पिन काढली आणि ती रेघ खरवडून टाकली. क्लिपेवरची, मग पाइपावरची. भीती होती का? होती. पण अगदी मन लावून खरवडली, नखाने साफ केली.

अण्णा पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. सुमनच्या पाठीशी शेजारगावचा कुणी दूरचा मामा उभा होता. हार बाजारातले होते. आत्या अण्णांशी दोन वर्षं धड बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकला बांधून आम्ही पंचवटीत गेलो. मीही गेले. अण्णांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "तीन आवळल्यास आणि चौथी विसरलास, रंगनाथ? माझ्या भाचीच्या लग्नाला?" रंगाकाका वाकले. चौथ्या क्लिपेवरून त्यांनी अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा. ओरखडे हाताला लागलेच असणार. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. तेही खोटंच.

"ऱ्हायली असंल, भाऊ," ते म्हणाले. "चूक झाली माझी."

मी तिथेच उभी होते. दोन हातांच्या अंतरावर.

अण्णा पुन्हा त्या गॅरेजमध्ये गेले नाहीत. रविवारी सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसायचे. रेडिएटरचे पाइप पुढे दुसऱ्यांनी बदलले, पण हीटर अण्णांनी कायमचा बंद करून टाकला. रंगाकाका काही वर्षांनी शेड विकून गावी गेले, तिथेच वारले. कळलं तेव्हा मी गेले नाही. अण्णा म्हातारपणी अधूनमधून मध्येच म्हणायचे, "रंगनाथ विसरणाऱ्यातला नव्हता गं. मला अजून कळत नाही." मी समोर असायची. भाजी निवडत, नाहीतर त्यांच्या गोळ्या काढत. दर वेळी मला सांगता आलं असतं. मी म्हणायची, "जाऊ द्या ना, अण्णा." ते जाऊ देत नव्हते. तसेच गेले.

गेल्या आठवड्यात हीटरचे ते जुने पाइप काढले. रबर वाळून कडक झालं होतं, हातात तुकडे आले. नवे चढवले, कूलंट भरलं, हवा काढली, या वेळी स्क्रू-ड्रायव्हरने. ऊबदार वारा आला. बाटलीत थोडा लाल रंग आणून ठेवला होता. ती बाटली मी उघडली नाही.

जुन्या क्लिपा रॉकेलने पुसून खिडकीत ठेवल्या आहेत. तीन क्लिपांवर रेघ आहे, विटकरी झालेली, पण सरळ. चौथीवर माझ्या पिनेचे ओरखडे आहेत.