दाजींची बटणं

माणसाला प्रश्न कसा विचारावा, हे आमच्या दाजींनी जितकं मनाला लावून घेतलंय, तितकं अख्ख्या मराठवाड्यात दुसऱ्या कुणी घेतलं नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शहरातल्या एका लहानशा कंपनीत ते चॅटबॉट लिहितात. आपण एखाद्या दवाखान्याच्या नंबरवर मेसेज टाकला की पलीकडून मशीनच उत्तर देतं आणि त्या उत्तराखाली दोन-तीन बटणं येतात. ती बटणं दाजींची. बटणावर शब्द कोणता, ते दाबल्यावर पुढं काय घडायचं, सगळं त्यांच्या कोडमध्ये असतं. घरचे शेतकरी, खुलताबादकडचे. पोरगा नेमकं काय करतो हे त्यांच्या वडिलांना शेवटपर्यंत उमगलं नाही. ‘बटणं लावतो’ एवढंच ऐकून ते गावात पोराचं शिवणकाम जोरात चाललंय असं सांगत, आणि दाजींनी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

एकदा त्यांनी डॉक्टरांच्या भेटीसाठी ‘तारीख बदलायची नाही’ असं बटण केलं. स्वस्तातल्या फोनवर ते मावेना. शेवटचा ‘नाही’ कापला गेला आणि ज्यांना तारीख बदलायची होती, ते बिचारे तेच दाबून जुन्या तारखेला अडकले. दाजींना जेवण जाईना. तेव्हापासून नवं बटण तयार झालं की ते दिसेल त्याला दाबायला लावतात. भाजीवाल्या मावशी, सोसायटीचा वॉचमन, कुणी सुटत नाही. एका लग्नात हातात अक्षता असताना त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या मामांपुढं मोबाईल धरला. मामा एकच बटण दाबतच राहिले. आम्ही हसलो. दाजी हसले नाहीत. “माणूस पुन्हापुन्हा दाबतो ते घाईनं नाय,” ते म्हणाले, “आपलं ऐकलं का नाय, या भीतीनं दाबतो.” मग दाबल्याबरोबर ‘कळलं’ असं उत्तर येईल, अशी सोय त्यांनी केली.

मागं हृदयविकाराच्या एका दवाखान्याचं काम त्यांच्याकडं आलं. रोज सकाळी पेशंटचं नाव घेऊन गोळीची आठवण करायची आणि खाली दोन बटणं: ‘घेतली’ आणि ‘अजून नाही’. लासूर स्टेशनचे एक नाना होते, आडतीवर मुनीम राहिलेले. त्यांच्याकडून मेसेज पोचतो न पोचतो तोच ‘घेतली’ यायचं. एक दिवस चुकला नाही. पण दवाखान्यात तपासणीला मात्र ते फिरकत नव्हते, फोनही उचलत नव्हते. आपलं बटण आपोआपच दाबलं जातंय, असा दाजींनी धसका घेतला. सगळं कोड पालथं घातलं, चूक सापडेना. शेवटी एका रविवारी मला मागं बसवून त्यांनी मोटारसायकल लासूरकडं काढली.

दार नानांच्या बायकोनं उघडलं. समोरच्या भिंतीवर नानांचा फोटो होता, हार घातलेला. दाजी उंबऱ्यातच थांबले. नानींनी आम्हाला बसवलं, चहा ठेवला, मग शांतपणे सगळं सांगितलं. नाना दसऱ्याच्या आधीच गेले होते. त्यांचा फोन नानी चार्जिंगला लावून ठेवत. बाकी कुणाचा आला तर उचलत नसत. सकाळी तेवढा मेसेज वाजायची वाट बघत.

“रोज त्यांचं नाव घेऊन कुणीतरी इचारतंय,” त्या म्हणाल्या. “अजून नाही, असं कसं दाबू? आन् गेले म्हणून दाबायला तिथं जागाच नव्हती, दादा.”

दाजींचा चहा तसाच निवला. बंद करू का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा नानी म्हणाल्या की वर्षश्राद्धापर्यंत राहू द्या.

दाजींनी दवाखान्याला खरं काय ते कळवलं आणि नानांचा नंबर गोळ्यांच्या आठवणीच्या यादीतून काढला. मग त्या एका घरासाठी वेगळं कोड लिहिलं. एरवी झटक्यात शब्द ठरवणारा हा माणूस आठवडाभर घुटमळत होता. ताईला विचारी, मला विचारी, लिहून पुसून टाकी. अखेर ठरलं: ‘नानांच्या घरी सगळं बरं हाय ना?’ खाली दोन बटणं, ‘बरं हाय’ आणि ‘फोन करा’. दुसरं दाबलं गेलं की दाजी कामातून उठून बाहेर जात आणि लासूरला फोन लावत. काय बोलत कोण जाणे. ताई म्हणायची, बहुतेक वेळा ते नुसतं ‘व्हय, व्हय’ करतात.

वर्षश्राद्धाला नानींनी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. पंगती उठल्यावर त्या दाजींजवळ येऊन बसल्या. आता बंद करा म्हणाल्या; सकाळ झाली की हात नुसता फोनकडं जातो, बाकी काही सुचत नाही. दाजींनी पडवीतच लॅपटॉप उघडला. त्या इंग्रजी अक्षरांच्या गर्दीत एक ओळ मराठी होती. नानींनी ‘नानांच्या’ या शब्दावर बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

दाजींनी ती ओळ पुसली नाही. तिच्या सुरुवातीला फक्त दोन तिरप्या रेघा ओढल्या.

“आता हे मशीन ही ओळ वाचणार नाय,” ते म्हणाले. “पण ओळ हाय तिथंच राहील.”

“राहू द्या,” नानी म्हणाल्या, आणि ताईसाठी पुरणपोळ्या बांधायला आत गेल्या.